ताई, जरा सरक

मला रिकामी घरं आवडतात. रिकामी म्हणजे नुसती कुलूप लावलेली नव्हेत, तर माणसांनी कायमची सोडलेली, छप्पर खचलेली, खिडक्यांच्या काचा गेलेली. अशा घरांचे मी एकोणीस वर्षं फोटो काढतोय. लोक विचारतात, त्यात बघण्यासारखं काय आहे? मी बसवर कंडक्टर होतो. तेहेतीस वर्षं मी माणसं बघितली, समोरून, मागून आणि बहुतेक वेळा त्यांच्या कोपरांमधून. ज्याला विचारायचंय त्याने आधी तेवढी वर्षं गर्दीत तिकिटं द्यावीत आणि मग माझ्याकडे यावं.

पडक्या घरात कोणी खिडकीसाठी भांडत नाही. दारातून आत गेलं की पहिल्यांदा शांतता अंगावर येते, मग हळूहळू एकेक गोष्ट दिसायला लागते. भिंतीचा पोपडा निघालेला असतो, हिरव्याखाली गुलाबी, गुलाबीखाली निळा. म्हणजे कधीतरी कोणीतरी यंदा गुलाबीच द्यायचा म्हणून हट्ट धरलेला असतो आणि घरात त्यावरून चार दिवस धुसफूस झालेली असते. दिव्याच्या बटणाभोवती बोटांचा काळा डाग असतो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मारलेल्या रेघा असतात, पोरगं किती वाढलं ते बघायला. कमरेच्या वर दोन वीत जाऊन त्या थांबतात. मोरीत साबणाची जागा खोलगट झालेली असते. भिंतीवर मोठे मोठे फिकट चौकोन असतात, जिथे तसबिरी होत्या. या चौकोनांपुढे मी फार वेळ उभा राहतो. घर सोडताना लोक पंखे नेतात, नळ नेतात, दारंसुद्धा उखडून नेतात. पण कोणीतरी स्टुलावर चढून भिंतीवरचं माणूस काढून बगलेत मारून घेऊन गेलं, हे त्या चौकोनावरून कळतं. त्या माणसाचं तोंड बघावं लागत नाही आणि तरी ते होतं हे कळतं, हे मला फार बरं वाटायचं.

माझे नियम दोनच. घरातली वस्तू हलवायची नाही. आणि फोटोत माणूस येऊ द्यायचं नाही.

दर रविवारी माझ्याबरोबर ताई असायची. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती पंधरा. तेव्हापासून माझं सगळं तिनेच केलं. पुढे तिच्या लग्नाचं राहून गेलं आणि तिच्या नादाने माझंही. दोन खोल्यांत आम्ही दोघं राहायचो. ती इथल्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, शेवटची अकरा वर्षं तिथली मुकादम. चादरी, उशांचे अभ्रे, रोग्यांचे अंगरखे, सगळं तिच्या नजरेखालून जायचं, आणि तिची नजर अशी की एवढासा डाग राहिला तरी अख्खा गठ्ठा परत पाण्यात. निवृत्त झाल्यावरही ती आठवड्यातून तीन दिवस तिकडे जाऊन अंगरख्यांची तुटलेली बटणं लावायची. "घरी बसून काय करू, तुझं तोंड बघू?" असं म्हणायची.

रविवारी मात्र तिचा थाट वेगळा असायचा. ठेवणीतला निळा स्वेटर, केस नीट विंचरून घट्ट बांधलेले, खांद्याला चहाचा थर्मास आणि छत्री. "पडक्या घरात कोण बघणार आहे तुला?" मी म्हणायचो.

"तू आहेस की," ती म्हणायची.

माझा हात स्थिर नाही. हलत्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून आयुष्य काढलं की तो कसा राहणार? म्हणून कॅमेरा तिवईवर लावायचा आणि त्याची आपोआप टिपायची कळ दाबायची. कळ दाबली की तो दहा सेकंद घरघरतो आणि मग स्वतःच फोटो काढतो. ती दहा सेकंदं मी घराकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभा राहायचो. कोणी सायकलवाला, कोणी चौकस म्हातारा इकडे वळलाच तर हात वर करून थांबवायला. डेपोतले मित्र म्हणायचे, हा अजून ड्युटीवरच आहे.

आणि कळ दाबण्याआधी म्हणायचो, "ताई, जरा सरक."

तोंडात बसलेला शब्द आहे तो. दाराशी उभे राहू नका, सरका. आत जागा आहे, सरका. बाईंना उतरू द्या, सरका. दिवसातून हजारदा म्हणायचो, त्यात ना राग होता ना प्रेम. ताई थर्मास उचलून मुकाट्याने बाजूला व्हायची.

तरीही ती अधूनमधून फोटोत यायचीच. आमच्याकडे एकच लॅबवाला उरलाय जो अजून फिल्म धुतो. त्याच्याकडून निगेटिव्ह आणल्या की मी खिडकीशी बसून एकेक उजेडात धरायचो. घर छान आलेलं असायचं, आणि त्या घराच्या दारात नाहीतर पायरीवर करंगळीच्या नखाएवढी एक आकृती. ताई.

"पुन्हा मध्ये आलीस?"

"चुकून आले रे. आत काय आहे ते बघत होते."

"तेवढी दहा सेकंदं दम धरवत नाही तुला."

"नाही धरवला," ती म्हणायची आणि स्वयंपाकाला लागायची.

मग मी चिमटा काढायचो. तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा. निवृत्त होताना तो डेपोत जमा करायचा असतो. माझा हरवला असं मी लिहून दिलं होतं. तिकिटाला भोक पडलं की ते संपलं, पुन्हा वापरता येत नाही. तोच कायदा मी निगेटिव्हला लावला. ज्या फोटोत ताई आली त्यावर, ती जिथे उभी असेल नेमकं तिथे, एक भोक. म्हणजे लॅबवाल्याला सांगावं लागायचं नाही की हा छापू नको. कट्ट असा आवाज व्हायचा, वाटाण्याएवढी काळी चकती खाली पडायची आणि मी पुढच्या फोटोकडे वळायचो. जमिनीवरचा केर ताई काढायची.

गेल्या वर्षी एका बुधवारी ताई गेली. सकाळी छातीत कळ आली म्हणाली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. तिच्याच इस्पितळात, तिच्याच धुलाईघरातून आलेल्या चादरीवर. चादर स्वच्छ होती. मी उगाचच तेवढं बघितलं.

त्यानंतरही मी रविवारी जात राहिलो, कारण रविवारी दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पहिल्याच रविवारी एका जुन्या गिरणीमालकाच्या घरासमोर तिवई लावली आणि सवयीने तोंडातून गेलं, "ताई, जरा सरक." मग कळ दाबली, घराकडे पाठ केली आणि रस्त्याकडे बघत उभा राहिलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला रडू आलं, आणि ते काही दहा सेकंदांत आवरलं नाही.

त्या फोटोत कोणी आलं नाही. नंतरच्याही एकाही फोटोत आलं नाही. सगळे फोटो जसे हवे तसे येऊ लागले आणि मला ते बघवेनात. घरी आलो की दोन कप काढायचो आणि एक परत ठेवायचो. दुसरा कप कायमचा फळीवर चढवायला मला चार महिने लागले.

अशात एका सोमवारी फोन आला.

"काका, मी धुलाईघरातून बोलतेय. बाईंच्या जागेवर आता मी आहे." बाई म्हणजे ताई, तिथे तिला सगळ्या बाईच म्हणायच्या. "आपलं धुलाईघर नव्या इमारतीत चाललंय. डॉक्टरांचे फोटो व्हरांड्यात लागतात ना, तसा आम्ही बाईंचा लावणार आहोत, इस्त्रीच्या खोलीत. मोठ्या साहेबांच्या डोक्याशी महिनाभर कटकट केली तेव्हा हो म्हणाले. शुक्रवारी सकाळी ते स्वतः येणार आहेत. खिळा ठोकून तयार आहे, फक्त फोटो हवाय."

"किती मोठा हवा?"

"चांगला मोठा. तुमच्याकडे काय, ढिगाने असतील. रविवारी काढायचात ना त्यांचा?"

फोनवरच्या बाईचा काहीतरी घोटाळा झालाय, असं मला वाटलं. मी घरांचे फोटो काढतो हे सांगायला तोंड उघडलंही. पण एकोणीस वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाने सख्ख्या बहिणीचा फोटो नाही म्हणून सांगायचं कसं? "हो हो," मी म्हणालो. "त्यातला बरासा निवडून गुरुवारी आणून देतो."

इतक्या थाटात सांगितलं की फोन ठेवल्यावर मलाही ते खरं वाटलं.

मंगळवारी सकाळी मी शोधायला बसलो. तिच्या ओळखपत्रावर फोटो होता, पण त्यावर इस्पितळाचा शिक्का, आणि तो मारणाऱ्या कारकुनाने अगदी नेम धरून नाकाडोळ्यांवर मारलेला. धुलाईघराचा एक सगळ्यांचा मिळून काढलेला फोटो सापडला. त्यात ताई मागच्या ओळीत होती आणि पुढच्या उंच बाईच्या डोक्यावरून तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. लहानपणीचा एक होता. त्यात ती आठ वर्षांची होती आणि कडेवरच्या माझ्या नाकाला शेंबूड होता. तो काही इस्त्रीच्या खोलीत लावायच्या कामाचा नव्हता.

मग मी बुटांची खोकी काढली. अठ्ठावीस खोकी निगेटिव्ह. खिडकीशी खुर्ची ओढून एकेक उजेडात धरायला लागलो. घरं, घरं, घरं. जिने, खांब, कौलं, झुडपं उगवलेल्या भिंती. आणि मध्येच भोक. पुन्हा पंधरावीस घरं, पुन्हा भोक. जिथे जिथे ताई होती तिथे तिथे भोक. एकाही ठिकाणी माझा हात चुकला नव्हता, खांद्याचा तुकडा नाही, छत्रीची दांडी नाही. तिकिटं भराभर कापताना कडेला भोक पाडणारा मी, ताईला मात्र बरोब्बर मध्यावर धरलं होतं.

एकेचाळीस भोकं निघाली. एक निगेटिव्ह डोळ्याजवळ धरली तर भोकातून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल दिसला.

तेव्हा मला ते आठवलं. फार वर्षांपूर्वीची गोष्ट, सुरुवातीसुरुवातीची. मी तिवई लावत होतो आणि ताई म्हणाली होती, "बाळ्या, माझा एक काढ की."

"मी माणसांचे काढत नाही, ताई. तुला माहितीये."

"हो. माहितीये," ती म्हणाली होती. आणि मी म्हटलं होतं, जरा सरक.

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मी मात्र ही गोष्ट पुढे डेपोतल्या मित्रांना दोनतीनदा रंगवून सांगितली होती, सख्ख्या बहिणीलाही नाही म्हणालो, तत्त्व म्हणजे तत्त्व. खोक्यांच्या ढिगात बसून मला स्वतःची इतकी लाज वाटली की उठून खिडकी लावून घेतली. समोर गच्चीवर कोणीही नव्हतं तरी.

बुधवारी लॅबवाल्याकडे गेलो. तो माझ्याच वयाचा आहे, आणि त्याला माणसांपेक्षा रसायनं बरी वाटतात म्हणून आमचं जमतं. त्याच्यापुढे पाचसहा निगेटिव्ह ठेवल्या आणि विचारलं, हे भरून काढता येईल का?

"भोक छापलं की काळा गोळा येतो, कंडक्टर."

"ते माहितीये. आत जे होतं ते परत आणता येईल का?"

"आत काय होतं?"

"ताई."

त्याने चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. "मला वाटायचं, फिल्मवर डाग पडत असेल म्हणून भोक पाडलंय," तो म्हणाला. "मनात म्हणायचो, एकाच माणसाच्या फिल्मवर एवढे डाग कसे." मग निगेटिव्हची एक पट्टी नीट कागदात गुंडाळून त्याने मला परत दिली.

गुरुवारी मी रिकाम्या हाताने धुलाईघरात गेलो. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. उद्या मोठे साहेब येणार, खिळा तयार, आणि त्या खिळ्यावर लावायला काही नाही, हे माझ्यामुळे होणार होतं. फोनवर सांगून सुटका करून घेण्याइतका मी अजून कोडगा झालेलो नाही.

धुलाईघर अर्धं हललं होतं. मोठी यंत्रं गेली होती आणि जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग उरले होते. एरवी मी लगेच कॅमेरा काढला असता. एका टोकाला तीनचार बाया उरलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या, दोघी समोरासमोर, टोकं जुळवायची, झटकायची, पुन्हा जुळवायची. खिडकीशी बटणांचं टेबल होतं, ताईचं. तिथे आता एक म्हातारी बसली होती. नवी मुकादम लगबगीने आली. चाळिशीची, बाह्या कोपरापर्यंत वर, बोटं पाण्याने सुरकुतलेली.

"आणलात?"

"माझ्याकडे फोटो नाही," मी म्हणालो.

"म्हणजे? घरी राहिला?"

"नाहीच आहे. एकही नाही. मी घरांचे काढायचो. तिला बाजूला व्हायला सांगायचो."

घड्या घालणाऱ्या बाया थांबल्या. मुकादमबाईचा विश्वास बसेना. "असं कसं, काका? कितीदा तरी सोमवारी बाई इथे येऊन सांगायच्या ना. काल भावाने माझा फोटो काढला. एवढं मोठं दार होतं, त्याच्यात उभी केली मला. कधी म्हणायच्या, काल जिन्यावर उभी केली. आम्ही थट्टा करायचो, आम्हाला असा एखादा भाऊ मिळवून द्या. इथे कुणाचा नवरासुद्धा फोटो काढत नाही."

मी चादरींच्या गठ्ठ्यावर बसलो आणि सांगून टाकलं. चिमट्याचं, भोकांचं, एकेचाळीस, सगळं. सांगताना कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. कुठेतरी नळ गळत होता, तो तेवढा ऐकू येत होता.

मग बटणांच्या टेबलावरची म्हातारी म्हणाली, "मग या टिकल्या कसल्या आहेत?"

तिने खणातून बटणांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून गोळ्यांची एक छोटी काचेची बाटली. "हिला बाई कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, कपड्याला लावायच्या आहेत का? तर म्हणाल्या, नाही गं, हे माझे फोटो आहेत. मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी आपलं बोलतात."

बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती, काळ्या, वाटाण्याएवढ्या गोल चकत्यांनी. मी ओळखल्या. न ओळखून करतो काय, तो माझ्याच चिमट्याचा आकार होता.

सुईत दोरा ओवायला टेबलावर भिंग ठेवलेलं होतं. म्हातारीने ते माझ्या हातात दिलं. मी एक चकती चिमटीत धरून खिडकीकडे केली आणि भिंगातून बघितलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, केस पांढरे, तोंड काळं. तरी ताई होती. माझ्या मनात इतकी वर्षं पक्कं होतं की ती इकडून तिकडे जाताना मध्ये सापडते. पण ती जात नव्हती. ती उभी होती. दारात मधोमध, पाय जुळवून, हात समोर एकमेकांत, थर्मास आणि छत्री कुठेतरी बाजूला ठेवून, सरळ कॅमेऱ्याकडे बघत.

मी दुसरी बघितली. तशीच. तिसरी, चौथी. पायरीवर तशीच, जिन्यावर तशीच. फोटो काढायला बोलावलं की माणूस जसं उभं राहतं तशी, एकेचाळीस वेळा. मी पाठ करून रस्त्यावरची माणसं अडवत होतो, आणि ती दहा सेकंदांत घराच्या दारात जाऊन केस सारखे करून उभी राहत होती, आणि खटका वाजला की बाजूला होत होती. निळा स्वेटर त्याच्यासाठी होता. नंतर घरी मी तिच्यावर चिमटा चालवायचो, आणि ती केर काढताना खालून आपले फोटो वेचून घ्यायची.

"आहेत का हो बाईच?" मुकादमबाईने हळूच विचारलं.

मी मान हलवली. मग सगळ्या बाया खिडकीशी जमल्या आणि भिंग हातोहात फिरायला लागलं. हात ओले आहेत, पुसून घे गं, असं त्या एकमेकींना सांगत होत्या.

लॅबवाल्याने त्या दुपारी दुकान अर्धं बंद करून घेतलं. एवढीशी चकती यंत्रात बसेना, तेव्हा त्याने काळा कागद कापून तिच्याभोवती चौकट केली आणि दोन काचांमध्ये ती धरली. मी शेजारी उभा होतो. लाल उजेडात कागद पाण्यात हलत होता. आधी दाराची एक फळी आली, मग स्वेटरची बटणं, मग तोंड. मोठं केल्यामुळे सगळं रवाळ झालं होतं, तरी ताई ती ताईच. चष्मा काढून हातात धरलेला होता. फोटोत चष्म्याची काच चमकते, हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे. मी तर शिकवलं नव्हतं. ती किंचित हसत होती, दात न दाखवता, जसं घाईघाईने हसू आवरतात तसं.

"कोणाकडे बघून हसतायत?" लॅबवाल्याने विचारलं.

समोर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यामागे माझी पाठ. "माझ्याकडे," मी म्हणालो. दुसरं कोणी तिथे नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नव्या इमारतीतल्या इस्त्रीच्या खोलीत रंगाचा वास येत होता. मोठे साहेब आले, चार वाक्यं बोलले, घड्याळ बघून गेले. फोटो गोल होता, चकतीसारखाच. त्याला चौकोनी फ्रेम केली होती. मुकादम स्टुलावर चढली आणि तिने तो स्वतःच्या हाताने खिळ्याला लावला. खाली उतरून लांबून बघितलं, पुन्हा चढून डावीकडे जरासा वर केला. बाया एकेक करून जवळ येऊन बघून गेल्या आणि इस्त्र्या सुरू झाल्या.

मी तिथेच फोटोपुढे उभा राहिलो. एवढ्या वर्षांत मी तिच्याकडे एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. तिच्या डाव्या भुवईत एक लहानसा खंड होता. पासष्ट वर्षं एका घरात राहून मला तो माहीत नव्हता. पहिल्या चादरीची वाफ वर आली. मी तरी हललो नाही.

"काका," मागून मुकादम म्हणाली. "जरा सरका ना. बाई दिसत नाहीयेत."

मी सरकलो.